कामाच्या ठिकाणचं मानसशास्त्र : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतले सुपरवायझर, मिहानमध्ये हेडफोन लावून बसणारी मुलं-मुली, सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्यांतले लिपिक, इतवारीतले व्यापारी, काही एचआरवाले आणि बरीचशी घरची माणसं ("हे आजकाल बोलतच नाहीत हो") यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे, ओळख पटेल असा तपशील काढला आहे. कामाची रचना आणि माणसांचं स्वास्थ्य हा माझा कामाचा विषय. एकाच गोष्टीची दोन उत्तरं नकोत म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कामाच्या ठिकाणचं मानसशास्त्र म्हणजे ऑफिसात समुपदेशक बसवणं का?

समुपदेशन हा त्यातला छोटा भाग आहे. भट्टीजवळ काम करणाऱ्याला चक्कर आली तर आपण त्याला दवाखान्यात नेतो आणि परत आल्यावर तिथे हवा खेळती राहील याचीही सोय करतो. मनाच्या बाबतीत मात्र आपण दवाखान्यापाशीच थांबतो. हे शास्त्र भट्टीकडे बघतं. काम कोण वाटतं, वेग कोण ठरवतं, चूक झाली तर पुढे काय होतं, पाळी कधी बदलते, रजा कशी मंजूर होते, नव्या माणसाला कोण शिकवतं, हे त्याचे विषय.

२. हे सगळं परदेशी नाही का? आपल्याकडे कुठे चालतं असलं?

गांधीसागरच्या काठी आज जिथे एम्प्रेस मॉल उभा आहे, तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. गैरहजेरी ही तिथली मोठी डोकेदुखी होती. दंड वाढवत बसण्याऐवजी मिलने बक्षिसं आणि निधी यांचा मार्ग धरला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कामगाराला उद्याची खात्री दिली की तो आज कामावर येतो, हे नागपुरात तेव्हाच करून पाहिलेलं आहे. साप्ताहिक सुटीसाठी तर नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना सोबत घेऊन लढा दिला आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली.

आणखी एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले, पण उत्पादन काही वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे गेले. त्यांनी पाहिलं की एकेका मागाभोवती वेगवेगळ्या कामांचे बरेच लोक फिरतात आणि पूर्ण मागाची जबाबदारी कुणाचीच नाही. मग छोटे गट झाले. प्रत्येक गटाकडे ठरावीक माग, आतली कामवाटणी गटानेच करायची. ही कल्पना कामगारांनी स्वतः उचलून धरली. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माणसं तीच होती आणि मागही तेच.

३. पगार चांगला दिला की माणूस खूश राहतो. बाकी सगळं बोलायच्या गोष्टी नाहीत का?

पगार कमी असेल, उशिरा होत असेल किंवा शेजारच्यापेक्षा अन्यायाने कमी असेल, तर बाकीचं काहीही करून उपयोग नाही. महिन्याच्या १८ तारखेला पगार करणाऱ्या मालकाला मी समाधानाच्या गोष्टी सांगत नाही, आधी ७ तारीख पाळा म्हणते.

पण पगार नीट झाल्यावर काय? अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं होतं की कामावर फार बरं किंवा फार वाईट कधी वाटलं ते सांगा. १९५९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. नाराजीच्या गोष्टींत धोरणं, साहेबाची वागणूक, पगार, परिस्थिती हे विषय होते. आनंदाच्या गोष्टींत काम फत्ते होणं, त्याची दखल, जबाबदारी आणि खुद्द काम हे विषय होते. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं परिस्थितीला, हा आक्षेप मला पटतो. तरी एक गोष्ट टिकून आहे: नाराजी गेली म्हणजे समाधान आलं असं होत नाही. त्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागतं. ते पुढच्या उत्तरात आहे.

४. मग समाधान नेमकं येतं कशातून?

हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी १९७६ मध्ये पाच गोष्टी सांगितल्या: कामात कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं वाटणं, ते कुणाच्या तरी उपयोगाचं असणं, स्वतः ठरवण्याची मोकळीक आणि आपण कसं केलं हे कळणं.

एका कचेरीत मी एक लिपिक पाहिले. दिवसभर अर्जावर आवक क्रमांक घालायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा. वीस वर्षं. त्या अर्जाचं पुढे काय होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी एवढंच केलं की एका तालुक्याचे अर्ज आवक ते जावक एकाच लिपिकाकडे दिले. पहिले दोन महिने गोंधळ झाला, तक्रारीही झाल्या. नंतर गावाकडून आलेली माणसं "आपलं काम त्या काकांकडे आहे" म्हणत थेट त्यांच्या टेबलापाशी जाऊ लागली. काकांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला, जो चार वर्षं राहिला होता. मला तो बदल कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा बोलका वाटला.

या पाचांत मोकळीक सगळ्यात जड. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की केवळ कामाचा बोजा माणसाला मोडत नाही. बोजा जास्त आणि स्वतः ठरवण्याची मुभा कमी, ही जोडगोळी मोडते. म्हणूनच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरपेक्षा कॉल सेंटरमध्ये प्रत्येक सेकंद मोजून घेणारा मुलगा कधी कधी जास्त ताणात असतो.

५. आम्ही योगदिन साजरा करतो, दरवर्षी ताणतणावावर व्याख्यान ठेवतो. तरी माणसं सोडून जातात. असं का?

एचआरकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ध्यानाची ॲप्स, मन कणखर करण्याची प्रशिक्षणं यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात फारसा फरक आढळला नाही. समाजोपयोगी कामात वेळ देण्याची संधी मात्र थोडी उजवी ठरली.

योग वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मीही करते. पण सकाळी प्राणायाम आणि संध्याकाळी साडेसहाला "हे उद्या नऊपर्यंत हवं" असा मेसेज, यात जिंकतो तो मेसेज. व्याख्यानाला तुम्ही खर्च करता तो दिवस एक वर्ष माझ्या सांगण्यावरून असा वापरून बघा: प्रत्येक विभागाने बसून "आपलं काम विनाकारण अवघड करणाऱ्या तीन गोष्टी" लिहायच्या, आणि त्यातली निदान एक महिनाभरात हटवायची. एका कारखान्यात पहिली गोष्ट निघाली ती रजेच्या अर्जावरच्या तीन सह्या. पोळ्याला गावी जायचं तर आठवडाभर साहेबांमागे फिरायचं. तिथे पुढच्या महिन्याचा रजेचा तक्ता भिंतीवर लावला, कुणी कधी जायचं हे पाळीतल्या माणसांनी आपसात ठरवलं आणि सही एकच राहिली.

६. मला नुसता थकवा आहे की बर्नआउट? कसं ओळखायचं?

दोन दिवस नीट झोप आणि सुटी मिळाल्यावर जो उतरतो तो थकवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात तीन खुणा आहेत: शक्ती निघून गेल्यासारखं वाटणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. महत्त्वाचं म्हणजे तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामावरच्या, दीर्घकाळ हाताळला न गेलेल्या ताणातून येणारी ती अवस्था आहे. म्हणजे दुरुस्ती कामातही व्हायला हवी.

मात्र कामाबाहेरही काहीच गोड लागत नाही, भूक-झोप गेली आहे, रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा स्वतः निदान करत बसू नका. कुठे जायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

७. मी रोज अकरा-बारा तास काम करून राहिलो. अजून तर काही झालं नाही. किती म्हणजे जास्त?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अंदाज मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुमचे अकरा तास गुणिले सहा दिवस म्हणजे ६६. भाऊ, "अजून काही झालं नाही" हे वाक्य मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात, एका रुग्णाच्या बायकोच्या तोंडून भूतकाळात ऐकलं आहे. कृपया हा हिशेब हलका घेऊ नका.

तास लगेच कमी करणं तुमच्या हातात नसेल तर निदान कामातून मन बाहेर काढा. घरी येऊनही डोकं कामावरच राहिलं तर शरीराला विश्रांती मिळत नाही, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. फुटाळा तलावाला चक्कर मारा, लेकराचा अभ्यास घ्या, भजनाला जा. काहीही चालेल, फक्त तिथे ऑफिसचा फोन नको.

८. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे भांडणं वाढतात, चुकाही वाढतात. हा योगायोग आहे का?

नाही. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, नवतपात रात्रीही भिंती तापलेल्या असतात, कुलर दमट हवा फेकतो, झोप तुटते. अर्धवट झोपलेला माणूस लवकर चिडतो आणि त्याचं लक्ष ढळतं. याला स्वभावदोष समजून मेमो देऊ नका.

जड काम सकाळी ११ च्या आत उरका. पाणी हाताशी ठेवा, दोनशे पावलांवर नको. वसुली, मीटर रीडिंग, डिलिव्हरी अशा उन्हातल्या कामांचं दुपारचं टार्गेट त्या दोन महिन्यांत कमी करा. बांधकामावर आणि गोदामात सावलीतली विश्रांती वेळापत्रकात लिहून टाका, कारण न लिहिलेली विश्रांती घेणारा आळशी ठरतो.

९. रात्रपाळी टाळता येत नाही. मग निदान काय करावं?

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकू द्या, उलट्या दिशेने शरीराला जास्त जड जातं. रात्रपाळी संपल्यावर लगेच सकाळची पाळी लावू नका. आणि वेळापत्रक निदान महिनाभर आधी द्या. घरचं लग्न, तेरवी, मुलांची परीक्षा यांचा मेळ बसला की अर्धा ताण तिथेच उतरतो.

१०. आमच्याकडे कुणी चूक कबूलच करत नाही. शिस्त वाढवावी का?

बहुतेक वेळा शिस्त वाढवली की चुका लपायला लागतात. एमी एडमंडसन या संशोधिका रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, पण नोंदी तिथेच जास्त सापडल्या. कारण तिथली माणसं चुका बोलून दाखवत होती. १९९९ मध्ये त्यांनी मानसिक सुरक्षिततेची कल्पना गटांच्या संदर्भात मांडली: प्रश्न विचारला, शंका काढली, चूक सांगितली तर आपला पाणउतारा होणार नाही, हा गटाचा सामायिक विश्वास.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. नियम माहीत असून हेल्मेट न घालणं आणि दोन सारख्या दिसणाऱ्या झडपांपैकी चुकीची फिरवणं, यांत फरक करा. पहिल्याला जाब विचारा. दुसऱ्यात झडपांना वेगळा रंग द्या. आणि वरिष्ठांनी आधी स्वतःची चूक सर्वांसमोर सांगावी. आमच्या भागात साहेबाने "माझं चुकलं" म्हटलेलं ऐकायची सवयच नाही, म्हणून पहिल्यांदा सगळे गप्प होतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत लोक बोलू लागतात.

११. कौतुक केलं की माणसं डोक्यावर बसतात, असं आमचे शेठजी म्हणतात. खरं आहे?

"वा, छान" असं सरसकट, सगळ्यांना, रोज म्हटलं तर त्याची किंमत राहत नाही, इथपर्यंत शेठजी बरोबर आहेत. पण "काल ट्रक अडकला तेव्हा तू तीन ठिकाणी फोन करून माल वेळेत पोचवलास, म्हणून पार्टी टिकली" असं म्हटल्याने कुणी डोक्यावर बसत नाही. नेमकं काय केलं आणि त्याने काय साधलं, हे दोन्ही त्यात आलं. कौतुक चारचौघांत आणि चूक एकांतात, हे तर आपली आजीही सांगायची.

आदराची दुसरी बाजू म्हणजे देवाणघेवाणीचा समतोल. योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं की खूप देऊन थोडं मिळतं तेव्हा तब्येत बिघडते. "मिळणं" यात पैसा, मान आणि नोकरीची खात्री तिन्ही येतात. मान स्वस्त आहे म्हणून तो पैशाऐवजी देऊ नका (प्रश्न ३).

१२. एमबीएला शिकलो की नुसतं लक्ष दिलं तरी उत्पादन वाढतं. हा हॉथॉर्न परिणाम खरा का?

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ हे प्रयोग झाले आणि एल्टन मेयो यांच्या नावाने गाजले (आपलं मेयो हॉस्पिटल वेगळं). प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, अशी ती गोष्ट सांगतात. नंतरच्या संशोधकांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा ती इतकी सरळ निघाली नाही. परीक्षेत पुस्तकातलं लिहा. कारखान्यात मात्र केवळ लक्ष देण्यावर विसंबू नका.

१३. निनावी सर्वेक्षण घेतलं, सगळ्यांनी "उत्तम" लिहिलं आणि पुढच्या महिन्यात चार जणांनी राजीनामे दिले. काय चुकलं?

सहा जणांच्या विभागात वय, पद आणि नोकरीची वर्षं विचारली की निनावीपणा उरतोच कुठे? दहापेक्षा लहान गटाचा वेगळा निकाल काढू नका. मागच्या सर्वेक्षणाचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय नवं घेऊ नका. आणि गैरहजेरी, बदलीचे अर्ज, पहिल्या वर्षात सोडून जाणारे यांच्याकडे बघा. ते आकडे तुमच्याकडे आधीपासून आहेत आणि ते कुणाला घाबरत नाहीत.

१४. मला मानसोपचाराची औषधं सुरू आहेत. कंपनीला सांगू का? आणि जाऊ कुठे?

सांगणं-न सांगणं तुमचा निर्णय. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, कंपनीने फोन केला म्हणून ते सांगू शकत नाहीत. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायला सांगितलं आहे. मानसिक आजाराचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही आहे. सरकारी आस्थापनेत नोकरीदरम्यान दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता किंवा पद खाली आणता येत नाही.

माझा सल्ला असा: झोपेचं औषध चालू असताना क्रेन, फोर्कलिफ्ट किंवा अवजड वाहन चालवत असाल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि कंपनीला निदान न सांगता "काही आठवडे रात्रपाळी किंवा मशिन नको" एवढं वैद्यकीय पत्र द्या. इतर कामांत, वरिष्ठ भरवशाचा असेल तरच आणि गरजेपुरतंच सांगा.

नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथे मानसोपचार मिळतात. त्या शेवटच्या नावाला अनेक जण बिचकतात. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात कामावरून थेट येऊन औषध घेऊन परत जाणारी साधी माणसं असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आत्ताच हा फोन करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवा.

१५. आमचं इतवारीत दुकान आहे, सात माणसं. एचआर वगैरे नाही. आम्हाला यातलं काय लागू पडतं?

जवळपास सगळंच, आणि तुम्हाला ते सोपंही आहे, कारण निर्णयासाठी मुंबईला विचारावं लागत नाही. जेवणाची वेळ ठरवा आणि गिऱ्हाईक आलं तरी पाळी लावून पाळा. उभं राहणाऱ्याला स्टूल द्या. दिवाळीआधीच्या गर्दीचे जादा तास आधी सांगा आणि पैसे त्याच आठवड्यात द्या. "घरच्यासारखा आहे" असं ज्याला म्हणता, त्याची रजाही घरच्यासारखीच धरता का, ते बघा.

१६. साहेब कडक आहे की छळ करतो, हे कसं ठरवायचं?

कडक साहेब कामाबद्दल बोलतो, सगळ्यांना एकच माप लावतो आणि काम झालं की विषय संपवतो. छळ माणसाबद्दल असतो: जातीवरून, बोलीवरून, दिसण्यावरून टोमणे, मुद्दाम माहिती न देणं, एकालाच वारंवार सगळ्यांदेखत झापणं. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार असं लगेच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत बसलात तर तुमचाच तुमच्यावर विश्वास राहत नाही.

लैंगिक छळासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

१७. मी कंत्राटी आहे. काम कायमवाल्यांइतकंच, पण ओळखपत्राचा रंग वेगळा. आमच्यासाठी यात काय आहे?

हा प्रश्न बुटीबोरीतून इतक्यांदा आला की तो शेवटी ठेवताना मलाच अवघडल्यासारखं झालं. पगारातला फरक आणि नोकरीची अनिश्चितता मानसशास्त्राने मिटत नाही. ते वेतनाचं आणि कायद्याचं काम आहे, आणि कुणी गोड बोलून ते झाकत असेल तर त्याला माझा विरोध आहे. प्रश्न ११ मधला समतोल तुमच्या बाबतीत तिन्ही बाजूंनी ढळलेला असतो.

तरी व्यवस्थापकाच्या आजच्या अधिकारात काही गोष्टी येतात. एकच कॅन्टीन, एकच पाण्याचा नळ, एकच सुरक्षा प्रशिक्षण. पाळी सुरू होतानाच्या बैठकीत कंत्राटी माणसालाही बोलायची पाळी. कंत्राट संपणार असेल तर महिनाभर आधी खरं सांगणं. "ए कंत्राटी" ऐवजी नावाने हाक. एका ठिकाणी सुरक्षेच्या फलकावर फक्त कायम कामगारांची नावं होती. मी विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "त्यांची नावं बदलत राहतात मॅडम." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खडूने लिहायचा फळा आणून शेजारी टांगला आणि पाळी सुरू होताना प्रत्येकाकडून नाव लिहून घेतलं.